शालेय संगणक कक्षांची सुगम्यता

शालेय संगणक कक्षाची सुगम्यता म्हणजे शाळेतील संगणक कक्षाची जागा, तेथील यंत्रसामग्री, आज्ञावली, पाठ्यसाहित्य व अध्यापनपद्धती यांची अशी रचना की, जिच्यामुळे दिव्यांग विद्यार्थ्यांना इतरांच्या बरोबरीने आणि शक्य तितक्या स्वावलंबनाने संगणक वापरता येईल. चाकाच्या खुर्चीला कक्षाच्या दारातून आत जाता येणे हा या संकल्पनेचा केवळ आरंभ होय. आत गेलेल्या विद्यार्थ्याला संगणक स्वतः सुरू करता येणे, पडद्यावरील मजकूर कळणे, स्वतःचे उत्तर स्वतः टंकलिखित करता येणे आणि त्याची परीक्षाही त्याच साधनांनी देता येणे, असा तिचा पूर्ण विस्तार आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः भारतातील आणि विशेषेकरून मराठी माध्यमाच्या सर्वसाधारण शाळांतील स्थितीचा विचार केला आहे.

== संज्ञा ==

‘सुगम्य’ हा शब्द केंद्र सरकारने ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू केलेल्या सुगम्य भारत अभियानामुळे रूढ झाला. मराठीत याच अर्थी ‘सुलभता’ हा शब्दही वापरला जातो. परंतु सुलभ म्हणजे सोपे, असा त्याचा नेहमीचा अर्थ असल्यामुळे गैरसमज होतो. सुगम्यतेत अभ्यासक्रम सोपा करणे अभिप्रेत नाही, त्याच्याकडे जाण्याची वाट मोकळी करणे अभिप्रेत आहे. ‘अपंग’ या जुन्या शब्दाऐवजी शासकीय मराठीत आता ‘दिव्यांग’ हा शब्द योजला जातो.

== कायदेशीर चौकट ==

भारतीय शाळांत संगणकाचा प्रवेश १९८४-८५ मधील ‘क्लास’ प्रकल्पाने झाला. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना आली आणि पुढे २०१८ मध्ये शालेय शिक्षणाच्या इतर योजना एकत्र करून समग्र शिक्षा ही योजना सुरू झाली. संगणक शाळांत पोहोचू लागला त्या काळात दिव्यांगांविषयीचा स्वतंत्र कायदा देशात नव्हता. १९९५ च्या पहिल्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार मानले होते आणि अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता यांचा त्यांत समावेश नव्हता.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला व भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला अनुसमर्थन दिले. या करारातील अनुच्छेद ९ सुगम्यतेविषयी, तर अनुच्छेद २४ शिक्षणाविषयी आहे. त्याला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थांनी आपली इमारत, परिसर व सुविधा सुगम्य कराव्यात आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्याव्यात, असे कलम १६ सांगते. ‘सुविधा’ या शब्दात संगणक कक्ष ओघानेच येतो. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ व्या वर्षापर्यंत पुस्तके, अध्ययनसाहित्य व योग्य सहायक साधने विनामूल्य मिळावीत, अशी तरतूद कलम १७ मध्ये आहे, तर कलम ४२ माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी आहे. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून ५ वर्षांत सुगम्य करावयाच्या होत्या. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली आहे.

शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीसाठी अडथळाविरहित प्रवेशाची अट आहे. मात्र त्याच परिशिष्टातील सुविधांच्या यादीत संगणक कक्षाचा उल्लेख नाही. त्यामुळे मुख्य दाराशी उतार बांधलेला असतो आणि संगणक कक्ष जिन्याच्या वर असतो, अशी विसंगती कागदोपत्री नियमभंग न ठरता टिकून राहू शकते.

राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा २०१७ चा नियम १५ (१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान मानके करण्याचे निर्देश केंद्राला दिले. संगणकीय साधने व सेवांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानक उपलब्ध आहे. संकेतस्थळे व डिजिटल मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे वापरली जातात. त्यांची २.० ही आवृत्ती २००८ मध्ये, २.१ ही २०१८ मध्ये व २.२ ही २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली.

== कक्षाची जागा व मांडणी ==

चोरी, धूळ व पावसाचे पाणी यांच्या भीतीने संगणक कक्ष वरच्या मजल्यावर, लोखंडी जाळीच्या दारामागे ठेवण्याची प्रथा अनेक शाळांत आढळते. उद्वाहक नसलेल्या इमारतीत ही एक गोष्टच चालता न येणाऱ्या विद्यार्थ्याला कक्षापासून कायमचे दूर ठेवण्यास पुरेशी असते. त्याला उचलून नेणे हा उपाय नव्हे. वर्गमित्रांच्या खांद्यावरून जिना चढण्यात अपघाताचा धोका आहे आणि वाढत्या वयाच्या मुलामुलींना त्याचा संकोचही वाटतो. कक्ष तळमजल्यावर आणणे हाच सर्वांत स्वस्त व टिकाऊ मार्ग ठरतो.

उताराचे प्रमाण १ : १२ पेक्षा तीव्र नसावे, म्हणजे जोते एक फूट उंच असेल, तर उताराची लांबी किमान बारा फूट हवी. घाईने बांधलेले पुष्कळसे उतार याहून बरेच तीव्र असतात आणि त्यांवरून खुर्ची चढवण्यासाठी मागून ढकलणारा माणूस लागतो. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी, उंबरा नसावा आणि आत खुर्ची वळवण्यासाठी सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा असावी. टेबलाखाली गुडघे जातील इतकी, म्हणजे जमिनीपासून सुमारे ७० सेंटिमीटर उंचीची पोकळी लागते. बाजारात मिळणाऱ्या संगणकाच्या टेबलांना कळफलकासाठी सरकता कप्पा असतो आणि खाली सीपीयूची पेटी ठेवण्याची फळी असते. नेमके हेच दोन भाग चाकाच्या खुर्चीला अडवतात. एक-दोन जागी साधे, कप्पा नसलेले टेबल ठेवले तरी हा प्रश्न सुटतो. जमिनीवरून गेलेल्या तारा व खाली ठेवलेले स्टॅबिलायझर यांचा त्रास कुबड्या वापरणाऱ्यांना आणि पांढरी काठी वापरणाऱ्यांना सारखाच होतो.

कक्षाबाहेर पादत्राणे काढण्याचा नियम बहुतेक शाळांत पाळला जातो. कॅलिपर वापरणाऱ्या विद्यार्थ्याचा बूट कॅलिपरलाच जोडलेला असतो. तो काढणे म्हणजे चालण्याचा आधारच काढणे. अशा विद्यार्थ्याला या नियमातून सूट असल्याचे दारावरच लिहून ठेवणे इष्ट, म्हणजे दर तासाला त्याला स्वतः खुलासा करावा लागत नाही.

== दृष्टिबाधित विद्यार्थी ==

पूर्णतः अंध विद्यार्थी संगणक वापरतो तो प्रामुख्याने स्क्रीन रीडर या आज्ञावलीच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर, यादी, खिडक्यांची नावे व टंकलिखित होणारे प्रत्येक अक्षर ती बोलून दाखवते. माउसऐवजी सर्व कामे कळफलकावरून केली जातात. जॉज ही या प्रकारची प्रसिद्ध आज्ञावली टेड हेन्टर यांच्या संस्थेने १९८९ मध्ये आणली. मात्र ती विकत घ्यावी लागते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियन अंध तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए या विनामूल्य व मुक्तस्रोत स्क्रीन रीडरची निर्मिती सुरू केली. जेम्स तेह हे त्यांचे सहकारीही अंधच. शाळेच्या दृष्टीने एनव्हीडीएचे महत्त्व मोठे आहे. ‘निधी नाही’ हे कारण तिच्यामुळे उरले नाही. विंडोज प्रणालीत नॅरेटर हा स्क्रीन रीडर अंगभूत असतो, तर लिनक्सवर ऑर्का उपलब्ध आहे.

कळफलकावरील एफ व जे या कळांवर आणि अंकफलकातील ५ च्या कळीवर मुळातच बारीक उंचवटा असतो. बोटांनी जागा ओळखून टंकलेखन करण्याची सुरुवात तेथून होते. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक अंध विद्यार्थ्यांना विशेष सोयीचा आहे. त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला आहेत आणि क-ख, ग-घ अशा जोड्या एकाच कळीवर, शिफ्टच्या फरकाने येतात. अंध विद्यार्थ्याला कानाने परिचित असलेल्या वर्णमालेशी ही रचना जुळते. प्रत्येक जागेसाठी हेडफोन मात्र अत्यावश्यक आहे. तो नसला, की एका यंत्राच्या आवाजाने सारा वर्ग विचलित होतो आणि शेवटी यंत्राचाच आवाज बंद केला जातो.

अल्पदृष्टी विद्यार्थ्यांची गरज वेगळी असते व तिची दखल कमी घेतली जाते. चष्मा असूनही पडद्याला नाक लावून वाचणाऱ्या मुलाला भिंग ही अंगभूत सोय, मोठा माउसदर्शक, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा किंवा पिवळा मजकूर आणि खिडकीचा उजेड पडद्यावर न येणारी जागा एवढ्यानेच काम करता येते. अक्षरे व पार्श्वभूमी यांच्यातील तेजोभेदाचे गुणोत्तर सर्वसाधारण आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे, असे डब्ल्यूसीएजीचे मधल्या स्तराचे मानक आहे.

अभ्यासक्रमातही काही अडथळे आहेत. प्राथमिक वर्गांत संगणकाची ओळख बहुधा चित्र काढण्याच्या आज्ञावलीने करून दिली जाते. अंध मुलाच्या वाट्याला त्या तासाला शेजाऱ्याचे वर्णन ऐकणेच येते. पुढे स्क्रॅचसारख्या, ठोकळे ओढून जोडण्याच्या भाषेतही हीच अडचण उद्भवते. त्याऐवजी मजकुराने लिहिली जाणारी पायथनसारखी भाषा घेतल्यास ती दूर होते. पायथनमध्ये ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेला अर्थ असतो आणि एनव्हीडीए ती जागा वेगवेगळ्या उंचीच्या ध्वनींनी दर्शवू शकते. क्वोरम ही भाषा तर अंध विद्यार्थ्यांचा विचार करूनच विकसित झाली आहे.

== मराठी मजकुराचे विशेष प्रश्न ==

मराठी शाळांतील संगणकीय सुगम्यतेचा सर्वांत मोठा अडसर यंत्रात नसून अक्षरसंचात आहे. युनिकोडपूर्व काळातील देवनागरी अक्षरसंचांत डोळ्यांना दिसणारे अक्षर देवनागरी असले, तरी संगणकात साठवलेला संकेत रोमन अक्षराचा असतो. उदाहरणार्थ, कृतिदेव या अक्षरसंचात लिहिलेला ‘काम’ हा शब्द यंत्राच्या लेखी डी, के, ई ही तीन रोमन अक्षरे असतात. डोळस वाचकाला काहीच खटकत नाही; स्क्रीन रीडर मात्र निरर्थक रोमन अक्षरे वाचू लागतो. अशा अक्षरसंचात तयार केलेली प्रश्नपत्रिका, परिपत्रक किंवा टिपण अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने कोरा कागदच असतो. उपाय एकच: शाळेतील सर्व लेखन युनिकोडमध्ये करणे आणि जुने मजकूर रूपांतरकाच्या साहाय्याने बदलून घेणे. रूपांतरानंतर रफार व जोडाक्षरे तपासून पाहावी लागतात, कारण नेमक्या याच ठिकाणी चुका राहतात.

दुसरा प्रश्न छायाप्रतींचा. पुस्तकाची पाने छायांकित करून केलेली पीडीएफ धारिका म्हणजे वस्तुतः चित्रांची मालिका. तिच्यात वाचण्यासारखा मजकूरच नसतो. टेसेरॅक्टसारख्या मुक्त अक्षरओळख प्रणालीला मराठी येते, परंतु तिचे फलित कोणीतरी डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी पुस्तकांचे सुगम्य स्वरूपात रूपांतर करण्याची मुभा मिळाली. २०१३ च्या माराकेश करारालाही भारताने २०१४ मध्ये, सर्व देशांच्या आधी, अनुसमर्थन दिले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचा उपयोग या संदर्भात होतो.

तिसरा प्रश्न उच्चारांचा आहे. यंत्रात मराठी आवाज बसवलेला नसेल, तर हिंदी आवाजाकडून मराठी वाचून घेण्याची पद्धत आहे. मराठीतील च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार अशा आवाजाला ठाऊक नसतात. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च वेगळा आहे, हे मराठी कानाला सांगावे लागत नाही. यंत्र दोन्ही एकसारखेच वाचते. ळ या वर्णाचीही कधीकधी अशीच गत होते. ईस्पीक एनजी या मुक्त उच्चारप्रणालीत मराठीचा समावेश आहे. तिचा आवाज यांत्रिक वाटतो, परंतु सरावलेले विद्यार्थी तो पुष्कळ वेगाने ऐकतात आणि गोड पण संथ आवाजापेक्षा तोच पसंत करतात.

यातून शुद्धलेखनाचा प्रश्न उभा राहतो. ‘दिन’ व ‘दीन’ हे शब्द यंत्राच्या तोंडून जवळजवळ सारखेच ऐकू येतात. केवळ ऐकून शिकलेल्या विद्यार्थ्याला ऱ्हस्व-दीर्घाचा, जोडाक्षरांचा व विरामचिन्हांचा अनुभवच येत नाही. स्क्रीन रीडरमध्ये बाण-कळीने एकेक अक्षर ऐकता येते व त्यात वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे कळते, पण संपूर्ण धडा असा वाचणे अशक्यप्राय आहे. म्हणून संगणक आला तरी ब्रेलची जागा रिकामी होत नाही. १९५१ मध्ये निश्चित झालेली भारती ब्रेल आज स्क्रीन रीडरला जोडलेल्या ब्रेल पट्टीवरही वाचता येते. या पट्टीतील टिंबे मजकुराप्रमाणे वर-खाली होतात. तिची किंमत संगणकाइतकी किंवा त्याहून अधिक असू शकते, त्यामुळे सर्वसाधारण शाळांत ती क्वचितच दिसते.

== हालचालींवर मर्यादा असलेले विद्यार्थी ==

मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचे विकार किंवा हाताचे दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांची मुख्य अडचण कळफलक व माउस ही असते. विंडोजमधील काही अंगभूत सोयी यासाठी उपयोगी पडतात. शिफ्ट कळ लागोपाठ पाच वेळा दाबली असता स्टिकी कीज ही सोय सुरू होते व दोन-तीन कळा एकदम दाबण्याऐवजी एकामागून एक दाबता येतात. फिल्टर कीजमुळे थरथरत्या बोटाने चुकून पुन्हा दाबली गेलेली कळ दुर्लक्षिली जाते. माउस कीजमुळे अंकफलकावरून माउसदर्शक हलवता येतो. पडद्यावरील कळफलक एकाच बटणाच्या साहाय्याने, ओळीमागून ओळ उजळत जाऊन, वापरता येतो. हे बटण हात, पाय, कोपर किंवा डोके यांपैकी ज्यावर विद्यार्थ्याचे नियंत्रण असेल, तेथे बसवता येते.

कळफलकावर बसणारी छिद्रांची पट्टी, मोठ्या चेंडूचा ट्रॅकबॉल, हाताखालचा आधार ही साधनेही उपयुक्त आहेत. छिद्रांची पट्टी स्थानिक कारागीर ॲक्रिलिकमधून कापून देऊ शकतो. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी अवाजसारखी, चित्रांना स्पर्श करताच शब्द बोलणारी आज्ञावली टॅबलेटवर वापरली जाते. मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया, म्हणजे आताची अ‍ॅडॅप्ट, ही मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांच्या शिक्षणात काम करणारी आद्य संस्था होय.

== श्रवणबाधित विद्यार्थी ==

संगणक हे दृश्य माध्यम असल्याने श्रवणबाधितांना त्यात अडचण येत नाही, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. संगणकाच्या तासाला शिक्षक बोलत असतात आणि त्याच वेळी विद्यार्थ्यांनी पडद्याकडे पाहावे अशी अपेक्षा असते. ओठांच्या हालचाली किंवा खुणा पाहणाऱ्या मुलाला दोन्हीकडे एकाच वेळी पाहता येत नाही. आधी सांगणे, मग थांबणे, मग कृती करू देणे, असा क्रम शिक्षकांनी पाळल्यास कोणत्याही खर्चाविना हा अडथळा दूर होतो. प्रक्षेपकासाठी कक्ष अंधारा केल्यास शिक्षकांच्या चेहऱ्यावर उजेड राहील, हे पाहावे लागते. चित्रफितींना मराठी उपशीर्षके असावीत. दिल्ली येथील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डिजिटल शब्दकोशात १०,००० शब्द आहेत.

== अध्ययन अक्षमता व स्वमग्नता ==

वाचन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला मजकूर ऐकत-ऐकत वाचता आला, वाचला जाणारा शब्द उजळून दिसला आणि ओळींतील अंतर वाढवता आले, तर मोठा फरक पडतो. लेखन अक्षमतेत कळफलक हीच लेखणी ठरते. स्वमग्न विद्यार्थ्यांना पंख्याची व यूपीएसची घरघर, लुकलुकणारी ट्यूबलाइट आणि अचानक होणारे ध्वनी यांचा त्रास होऊ शकतो. त्यांची जागा ठरावीक व दारापासून दूर असणे उपयुक्त ठरते. एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारी दृश्ये अपस्माराच्या दृष्टीनेही टाळावीत.

== सामाईक संगणकाची अडचण ==

वरील सर्व सोयी घरच्या संगणकावर एकदा लावल्या की पुरतात. शाळेत तसे नसते. तेथे एका यंत्रावर दोन-तीन विद्यार्थी बसतात, दर तासाला वर्ग बदलतो आणि एकाने मोठी केलेली अक्षरे दुसरा लहान करतो. काही कक्षांत संगणक बंद होताच सर्व बदल पुसून मूळ स्थिती आणणारी आज्ञावली बसवलेली असते. विद्यार्थ्याने काल लावलेला स्क्रीन रीडर आज नाहीसा झालेला असतो. एनव्हीडीए पेनड्राइव्हवरूनही चालवता येते, परंतु विषाणूंच्या भीतीने यूएसबीची द्वारेच बंद केलेली असल्यास हा मार्गही खुंटतो. यासाठी सर्व संगणकांवर स्क्रीन रीडर आधीच बसवून ठेवणे आणि विद्यार्थ्याला स्वतंत्र वापरकर्ता खाते देणे श्रेयस्कर. एकच ‘दिव्यांगांचा संगणक’ कोपऱ्यात ठेवण्याची पद्धत सोयीची वाटते. मात्र तो बंद पडला की त्या विद्यार्थ्याचा विषयही बंद पडतो.

एकाच यंत्रावर तिघे बसले असता कळफलक कोणाच्या हाती जातो, हाही लहानसा मुद्दा नव्हे. सवंगडी मदत करतात, परंतु बहुधा मदत म्हणजे त्याच्या वतीने काम उरकणे असते. वर्षाअखेरीस प्रात्यक्षिक वहीत नोंदी पूर्ण असतात व त्या विद्यार्थ्याने कळ एकदाही दाबलेली नसते.

== शिक्षक, निधी व परीक्षा ==

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वार्षिक ३,५०० रुपयांची तरतूद २०१८ च्या आराखड्यात होती. विशेष शिक्षक अनेक शाळांना आळीपाळीने भेटी देतात. त्यांना स्क्रीन रीडर ठाऊक असतो, पण कक्षाची किल्ली व व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द संगणक शिक्षकाकडे असतो, आणि संगणक शिक्षकाला स्क्रीन रीडरचे प्रशिक्षण मिळालेले नसते. या दोघांची वर्षारंभी एकदा भेट होणे अनेक खरेद्यांपेक्षा उपयोगी पडते. मार्गदर्शनासाठी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे साधन केंद्र आणि वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यांसारख्या संस्था महाराष्ट्रात आहेत.

परीक्षेत लेखनिक घेण्याची पद्धत जुनी आहे. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पात्र उमेदवाराला ब्रेल, मोठा ठसा किंवा संगणक यांपैकी पर्याय निवडण्याची मुभा व दर तासाला किमान २० मिनिटे भरपाई वेळ देण्याची तरतूद होती. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ४० टक्क्यांची अट पूर्ण न करणाऱ्या परंतु लिहिण्यात अडचण असणाऱ्या उमेदवारालाही लेखनिक नाकारता येत नाही, असे स्पष्ट केले. संगणकावर स्वतः उत्तर लिहिण्याचा पर्याय मात्र ज्याला शाळेत कळफलकाचा पुरेसा सराव मिळाला, त्यालाच निवडता येतो. महाराष्ट्रात अनेक शासकीय पदांसाठी एमएस-सीआयटी किंवा तत्सम संगणक अर्हता मागितली जाते, आणि शालेय वयात कक्षाबाहेर राहिलेल्या उमेदवाराची संगणकाशी पहिली गाठ बहुधा त्या अभ्यासक्रमाच्या वर्गात पडते.